मणक्याकडे जाणारी आडवाट

किसन हमालाचं हाड इतकं छान जुळून आलं होतं, की त्याचा एक्स-रे मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला दाखवत असे. परभणीत जिंतूर रोडला माझं बारा खाटांचं हाडांचं रुग्णालय होतं. किसनच्या कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडावरून पुढं सरकला होता. तो मी ऑपरेशन करून जागच्या जागी पक्का केला होता. फोटोत मणक्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा, घट्ट पूल दिसायचा. त्या पुलाचा मला गर्व होता.

वर्षभरानं किसन तपासणीला आला. देवगाव फाट्यावर ट्रक भरायचे आणि उतरवायचे, हे त्याचं पूर्वीचं काम. मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणालो, "बघ किसन, काम कसं पक्कं झालंय."

त्यानं फोटोकडे पाहिलंच नाही. सदरा वर केला आणि पाठ माझ्याकडे वळवली. मधोमध वीतभर लांबीचा व्रण होता. कण्याच्या दोन्ही अंगांना मांसाचे जे भरीव पट्टे असतात, तिथं खळगे पडले होते.

"साहेब, हाड जुळलंय म्हनायलेत सगळे," तो शांतपणे म्हणाला. "पण पोतं ऱ्हाऊ द्या, लेकरू उचललं तरी पाठ भरून यायली. हाड दिलंत, पाठ गेली."

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो तक्रारही करत नव्हता. झालं ते सांगत होता. मी गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम दाखवले. तो गेल्यावर तो फोटो पाकिटात घातला. पुन्हा कुणाला दाखवला नाही.

काय झालं होतं ते सांगतो. मणके जोडणं ही तशी साधी कल्पना आहे. दोन मणके एकमेकांवर हलतात, सरकतात आणि दुखतात. त्यांच्यामध्ये रुग्णाच्याच कमरेच्या बाजूच्या हाडाचे तुकडे रचायचे. काही महिन्यांत ते तुकडे रुजतात, दोन मणक्यांचं एकच हाड होतं, हालचाल थांबते आणि दुखणंही थांबतं. अवघड असतं ते मणक्यापर्यंत पोचणं. आमची पद्धत राजरस्त्याची होती. पाठीच्या मधोमध लांब चीर घ्यायची आणि दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून खरवडून बाजूला ओढून धरायचे. दोन-अडीच तास ते तसेच ताणलेले राहायचे. रक्त भरपूर जायचं. नंतर स्नायू शिवले, तरी त्यांचा जीव पूर्वीसारखा राहत नसे. पुस्तकात हाड जुळल्याची नोंद होई. पाठीचं काय झालं, हे कुणी फारसं विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं.

रक्ताची अडचण वेगळीच. आजच्यासारखी रक्तपेढी हाताशी नव्हती. नातेवाइकांच्या अंगातून काढायचं आणि रुग्णाला द्यायचं. सकाळी जीपभर नातेवाईक यायचे, पोटात खिचडी जाईपर्यंत सगळे हजर असायचे. रक्ताचं नाव काढलं की एकेकाला शेतातलं काम आठवायचं. एका रुग्णाचे तीन भाऊ पान खाऊन येतो म्हणून जे गेले, ते टाके काढायच्या दिवशी परत आले.

किसननंतर मी मणक्यांची ऑपरेशनं बंदच केली होती. मग मुंबईहून टपालानं येणाऱ्या एका जुन्या नियतकालिकात दुसऱ्या वाटेची माहिती वाचली. मधोमध न जाता, मधल्या रेषेपासून दोन-दोन बोटं बाजूला दोन छोट्या उभ्या चिरा घ्यायच्या. तिथं दोन स्नायूंच्या मध्ये निसर्गानंच एक फट ठेवलेली असते. त्या फटीत बोट घातलं की स्नायू आपणहून दोन्हीकडे सरतात, काही कापावं लागत नाही, आणि बोट थेट मणक्याच्या बाजूच्या पंखावर जाऊन टेकतं. आज मणके जोडण्याची जी छोट्या चिरांची ऑपरेशनं होतात, नळीतून, पडद्यावर बघत, पाठीमागून, कुशीतून, पोटाच्या बाजूनंसुद्धा, त्यांतली पाठीमागची बरीचशी याच फटीतून आत शिरतात. आमच्याकडे नळी नव्हती, पडदा नव्हता, मणक्यात घालायचे स्क्रू नव्हते. बोट होतं.

औरंगाबादला शरीररचना विभागात माझी ओळख होती. तिथं जाऊन दोन दिवस मृतदेहांवर ती फट शोधत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट पहिल्यांदा सुळकन आत गेलं. त्याचा जो आनंद झाला, तसा पुढं फार थोड्या गोष्टींचा झाला.

गिरिजाबाई आल्या त्या याच सुमारास. वालूरहून जीपच्या मागच्या बाकावर आडव्या घालून आणल्या होत्या. वय पस्तिशीच्या आसपास. बरोबर नवरा मन्मथअप्पा आणि सासू. अप्पांचं वालूरला लेथ आणि वेल्डिंगचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरची इंजिनं तिथं दुरुस्तीला यायची. गिरिजाबाई दुकानात अप्पांच्या बरोबरीनं काम करत. घासणं, पॉलिश, छिद्राचं माप घेणं ही त्यांची कामं. त्या काळी बाई मशिनीवर बसते म्हणून लोक मुद्दाम बघायला थांबत.

"आता धा मिनिटं उभं ऱ्हावत न्हाई," त्या म्हणाल्या. "उभं ऱ्हायलं की कमरेतनं कळ निघून पायात उतरायली. निजलं की काई न्हाई. पण निजून मशीन चालंल का डॉक्टर?"

फोटोत तोच शेवटचा मणका पुढं सरकलेला. पट्टा, गोळ्या, विश्रांती, सगळं दुसरीकडे करून झालं होतं. ऑपरेशन सुचवलं आणि लगेच किसनची गोष्टही सांगितली. नवीन वाटेबद्दल सांगितलं. ही वाट मी जिवंत माणसावर अजून चाललेलो नाही, हेही सांगितलं.

अप्पा खाली बघत बसले. गिरिजाबाईंनी विचारलं, "चीर केवढी?"

मी चार बोटं दाखवली. "अशा दोन."

"मग आत उजेड कसा जाईल? अन् मांस कशानं धरताल?"

इतका नेमका प्रश्न मला तोवर एकाही डॉक्टरनं विचारला नव्हता. अडचण नेमकी तीच होती. स्नायू ओढून धरायच्या आमच्या पट्ट्या लांब चिरेसाठी केलेल्या, रुंद आणि आखूड. मला अरुंद, खोल आणि टोकाला किंचित वळलेल्या हव्या होत्या. बाहेरून मागवायच्या तर किती महिने लागतील, कुणी सांगू शकत नव्हतं. मी कागदावर आकृती काढून दाखवली. अप्पांनी कागद हातात घेतला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला.

"हे तर आमी करून देऊ," ते म्हणाले. "फक्त माप नीट सांगा. अन् धार ठेवायची न्हाई ना?"

पंधरा दिवसांनी ते चार पट्ट्या घेऊन आले. गंज न चढणाऱ्या पोलादाच्या, कडा गोल केलेल्या, हातात धरायला वरून वाकवलेल्या. मी अंगठा फिरवून पाहिला, कुठंही खरखर नव्हती.

"पॉलिश लय चांगलं झालंय," मी म्हणालो.

"ते तिनंच केलंय," अप्पा म्हणाले. "आडवी निजून. पोटावर फळी ठेवली, हातात घासायचा कागद घेतला, अन् रोज थोडं थोडं. म्हनली, माझ्याच अंगात जायचंय, तर मीच घासते."

माझ्या थिएटरची सगळी व्यवस्था सिस्टर वाघमारे बघत. मूळच्या चारठाण्याच्या. बोलणं थोडं, पण हात इतका नेमका की मी तळवा पुढं करायच्या आत हवं ते हत्यार त्यावर आलेलं असायचं. त्यांनी त्या पट्ट्या तीनदा वाफेच्या भांड्यातून काढल्या, तीनदा भिंग लावून पाहिल्या आणि म्हणाल्या, "डाग न्हाई पडत सर. चालतील."

ठरलेल्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. नामांतराचे दिवस होते ते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की नाही, यावर अख्खा मराठवाडा दोन्हीकडून पेटलेला. आज या बाजूचा बंद, उद्या त्या बाजूचा. बंद झाला की एसटी आगारातच उभी राहायची. भूल देणारे डॉक्टर नांदेडहून यायचे, ते अडकले. ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं.

त्या दोन दिवसांत एक प्रसंग घडला. गिरिजाबाई लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं, आणि ते अंगावरून कधी उतरवायचं नाही ही त्यांची श्रद्धा. मला तर रुग्ण पालथा झोपवायचा होता, आणि रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरायचं असल्यानं अंगावर धातू चालणार नव्हता. सिस्टरनीच तोड काढली. लिंग डबीतून काढून स्वच्छ कापडात बांधायचं आणि ते कापड दंडाला बांधायचं. अंगावरून उतरणार नाही आणि धातूही लागणार नाही. सगळ्यांना पटलं. मात्र बांधायचं कुणी, यावर सासूबाई घुटमळल्या. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आडनाव त्यांनी ऐकलेलं होतं.

"दुसरं कुनी न्हाई का?" त्या हळूच म्हणाल्या.

सिस्टर जागेवरच उभ्या राहिल्या. बोलायला हवं होतं मी. रुग्णालय माझं, सिस्टर माझ्या. मी कागद चाळत राहिलो.

गिरिजाबाईंनी खाटेवरून मान वळवली. "आत्याबाई, आत मी बेसूद पडल्यावर माझ्याजवळ कोन ऱ्हानार हाय? तुमी का मी? ह्याच ऱ्हानार. मग ह्यांनीच बांधू द्या."

लिंग त्यांनी स्वतः कापडात ठेवलं. गाठ सिस्टरनी मारली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. पहिली चीर घेतली, बोट फटीत घातलं, आणि ते मृतदेहावर गेलं होतं त्याहून सहज आत गेलं. स्नायू कोमट आणि मऊ होते, आपणहून बाजूला झाले. अप्पांच्या पट्ट्या बसवल्या. रक्त इतकं कमी होतं की मी दोनदा भूल देणाऱ्यांना रक्तदाब विचारला. बोटाच्या टोकाला हाड लागलं. मणक्याचा पंख.

आता या छोट्या वाटेचा धोका सांगतो. लांब चिरेत सगळे मणके उघडे दिसतात, मोजता येतात. इथं दिसतं ते रुपयाएवढं हाड. ते कितव्या मणक्याचं, हे बोटाच्या अंदाजावर. म्हणून तिथं एक सुई टोचायची, एक्स-रे काढायचा आणि खात्री करून मगच पुढं जायचं. आमचा एक्स-रे काढायचे रज्जाकभाई. फोटो काढायचा, फिल्म अंधाऱ्या खोलीत न्यायची, धुवायची आणि ओली ठिबकत आणायची. यात पंधरा-वीस मिनिटं सहज जात.

मी सुई टोचली आणि वीज गेली.

जनरेटर होता, पण त्यावर दिवा आणि रक्त शोषून घ्यायचं यंत्र एवढंच चाले. एक्स-रेचं मशीन त्याला झेपत नसे. रज्जाकभाई दारातून म्हणाले, "साब, लाइन कब आएगी, कुछ बोल नहीं सकते." पाच मिनिटं गेली, दहा गेली. भूल देणारे म्हणाले, अर्धा तास मी सहज सांभाळतो, त्याच्या पुढं माझी इच्छा नाही.

माझ्या बोटाला खात्री होती. दोन दिवस मृतदेहांवर घालवले होते, हाच पंख, हीच खोली. सगळं इतकं सुरेख चाललेलं असताना थांबणं जिवावर आलं. मी हात पुढं केला. "सिस्टर, छिन्नी."

तळवा रिकामाच राहिला.

"सिस्टर."

"फोटो झाल्यावर देते, सर."

इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मला कळतंय कुठला मणका आहे ते."

"असंल सर," त्या म्हणाल्या. छिन्नी त्यांच्या हातात होती, पण हात ट्रेच्या पलीकडे होता. "पण बाईचा मणका पुढं सरकलेला हाय. पुढं सरकला म्हंजी खोल गेला. तुमचं बोट तेवढं खोल गेलेलं मला दिसलं न्हाई."

मला राग आला. आलाच. पण त्यांच्या हातून छिन्नी हिसकावून घेण्याइतका नाही. आम्ही जखमेवर ओलं कापड ठेवलं आणि उभे राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणारा मी एकटाच नव्हतो. पंचवीस मिनिटांनी वीज आली. रज्जाकभाई धावत मशीन घेऊन आले, फोटो काढून धावतच गेले. परत आले तेव्हा फिल्मवरचं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. सिस्टरनी ती दिव्यासमोर धरायला लावली.

सुई एक मणका वर होती.

मी चांगला, निरोगी सांधा जोडून टाकणार होतो आणि दुखरा तसाच ठेवणार होतो. बोट पुन्हा आत घातलं, खाली आणि खूप आत, जिथं जाऊ नये असं वाटतं तिथपर्यंत. खरा पंख तिथं होता. दुसरी सुई, दुसरा फोटो. मग सिस्टरनी छिन्नी हातात दिली, नेहमीसारखीच, मी तळवा पुढं करायच्या आत. त्याच चिरांतून कमरेच्या बाजूचं हाड काढलं, बारीक तुकडे करून दोन्हीकडे रचलं. पट्ट्या काढल्या तेव्हा स्नायू आपापल्या जागी आले, जसं काही कुणी मध्ये गेलंच नव्हतं. काढून ठेवलेली रक्ताची बाटली लागली नाही.

बाहेर अप्पा बाकावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सुईसकट. न सांगता चाललं असतं. किसननंतर मला ते जमत नव्हतं.

अप्पांनी ऐकून घेतलं. उठले आणि विचारलं, "सिस्टर कुठं हायत?" त्या हात धुवत होत्या. अप्पा त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. सिस्टरचे हात साबणाचे होते. त्या म्हणाल्या, "अहो अप्पा, नळ चालू हाय."

गिरिजाबाई चौथ्या दिवशी उठून बसल्या. किसनला तीन आठवडे लागले होते. पुढं कमरेला प्लॅस्टरचं जॅकेट, मग पट्टा. सहा-सात महिन्यांनी फोटोत पूल दिसला. मी फोटो बाजूला ठेवला आणि आधी पाठ पाहिली. दोन पुसट रेघा होत्या, आणि मध्ये दोन्ही अंगांचे स्नायू भरलेले.

त्यानंतर मी त्याच वाटेनं बऱ्याच जणांचे मणके जोडले. एका परिषदेत त्यावर भाषणही दिलं, टाळ्या मिळाल्या. पट्ट्यांचा फोटो दाखवला, वालूरच्या कारागिरानं केल्यात हे सांगितलं. सुईची गोष्ट सांगितली नाही. "मणका ओळखण्यात चूक होऊ शकते" असं एक कोरडं वाक्य वाचलं आणि पुढं गेलो. श्रोत्यांत कुणी सिस्टर नव्हत्या. वाघमारे सिस्टरना मी ते भाषण कसं झालं हे सांगितलं तेव्हा त्या "छान झालं सर" एवढंच म्हणाल्या. आता त्या नाहीत. हे लिहितोय, ते उशिरा लिहितोय याची मला जाणीव आहे.

गिरिजाबाईंचा तो फोटो चांगला आल्यावर अप्पांनी मला आणि सिस्टरना वालूरला जेवायला बोलावलं. सासूबाईंनी स्वतः वाढलं. सिस्टरना आग्रह करून दुसरी पोळी वाढली. नंतर त्यांचं ताट कुणी उचललं, ते माझ्या लक्षात आलं नाही. सिस्टरच्या आलं असेल.

जेवण झाल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, "चला, मळा दाखवते." मळा गावाबाहेर मैलभर. मी म्हणालो, जीपनं जाऊ. त्या म्हणाल्या, जीपमधून बघितलेला मळा काय मळा असतो का.

ज्वारी कंबरेएवढी झालेली, पायवाट अरुंद. दोघी पुढं निघाल्या. गिरिजाबाई सिस्टरना दुकानातलं काही सांगत होत्या, हातानं लेथ फिरवून दाखवत होत्या आणि सिस्टर हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी थिएटरमध्ये कधी पाहिलं नव्हतं. मी थोडा मागे पडलो. वाटेत एक चर आडवा आला. सिस्टर थबकल्या. गिरिजाबाईंनी तो सहज ओलांडला, वळून सिस्टरना हात दिला आणि त्यांना पलीकडे ओढून घेतलं.

मग माझ्याकडे बघून त्यांनी हाक मारली, "डॉक्टर, दमलात का? मागं ऱ्हायलाव तुमी."

"तुम्ही चला," मी म्हणालो. "येतोच मी."

दमलो नव्हतो. डाव्या पायावर वजन किती येतं, उजवा किती उचलला जातो, वळताना कंबर कुठं अडते का, हे बघत होतो. कुठंच काही सापडलं नाही. तरी मळा येईपर्यंत मी मागूनच चालत राहिलो.